भिवाजी नेमके कुठले

भिवाजींना कुणी 'तुम्ही कुठले?' असं विचारलं, की ते लगेच उत्तर देत नाहीत. आधी विचारणाऱ्याकडं नीट बघून घेतात. तो सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत असेल तर नागपूरकडून आलेला. पान असेल तर छिंदवाड्याकडून. तोंड रिकामं असेल तर भोपाळचा सरकारी माणूस, नाहीतर आजारी. एवढं ठरलं की मग भिवाजी गाव सांगतात.

नागपूरच्या माणसाला ते सांगतात, "आमी नागपूरचेच. सावनेर सोडलं की आमी." छिंदवाड्याच्या माणसाला सांगतात, "छिंदवाड़ा के हैं. घाट उतरो तो हम." वरुड-मोर्शीकडचा कुणी असला तर, "वऱ्हाडचेच आपण. माहा आजा मोर्शीकडून बैलबंडीनं आला होता." बैतूलच्या माणसासाठी ते सातपुड्याचे असतात. एकदा जबलपूरहून एक म्हातारे वकील आले होते. त्यांना भिवाजी म्हणाले, "हम तो पुराने सी. पी. बरार वाले." जुन्या मध्य प्रांताचं ते नाव ऐकून वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी भिवाजींचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

यातलं एकही उत्तर खोटं नाही. भिवाजी खोटं बोलत नाहीत, यावर आमच्या गल्लीचं एकमत आहे. त्यांच्याजवळ खरं जरा जास्त आहे, एवढंच.

दोष त्यांचा एकट्याचा नाही. आमच्या सौंसरची माणसं नागपूरच्या लेखी 'वरची', 'एमपीची'. छिंदवाड्याच्या लेखी तीच माणसं 'घाट के नीचे वाले'. खालून बघणाऱ्याला आम्ही वर दिसतो आणि वरून बघणाऱ्याला खाली. शेजारच्या एकाच मुलखाला मराठी माणूस वऱ्हाड म्हणतो, हिंदी माणूस बरार म्हणतो, साहेब बेरार म्हणून गेला आणि आता सगळे मिळून विदर्भ म्हणतात. आम्ही या चारही नावांच्या कडेला राहतो. थोडा पाय आत, थोडा बाहेर. संत्री इथली, झाडं इथली, तोडणारे हात इथले. पण पेटी दिल्लीला पोचेपर्यंत फळ नागपुरी झालेलं असतं. फळाला त्याचं काही वाटत नाही. माणसाला वाटतं, पण रोज नाही.

त्यात मध्यंतरी जिल्हा बदलला. पांढुर्णा जिल्ह्याचं गाव झालं आणि सौंसर छिंदवाड्यातून उठून पांढुर्ण्यात जाऊन बसलं, जागेवरून तसूभर न हलता. भिवाजींच्या एका चांगल्या उत्तराखालची जमीनच निघून गेली. काही दिवस ते उदास होते. मग म्हणाले, "जिल्हा गेला तं गेला. सवय कुठी गेली?" आणि ते उत्तर त्यांनी चालूच ठेवलं.

या गुणामुळं भिवाजींना मागणी आहे. त्यांची संत्र्याची बाग आता मुलगा भूपेंद्र बघतो. भिवाजी बघतात सोयरिकी. बोलणीला बसताना लोक त्यांना आग्रहानं नेतात. कारण आमच्याकडं बोलणीत मुलीचा रंग, मुलाची नोकरी हे सगळं नंतर येतं. आधी पाहुणा टेकून बसतो, पाण्याचा घोट घेतो आणि विचारतो, "मूळचे कुठले म्हणायचे तुम्ही?" तिथं चुकलं की पुढचे पोहे घशाखाली उतरत नाहीत. भिवाजी तिथं कधी चुकले नाहीत. पाहुण्याला वाटतं, आपल्याच माणसांत आलो. मग तो चहा मागतो.

घरात मात्र त्यांना कुणी विचारत नाही. त्यांची बायको यमुना तिगावची. लग्न होऊन आली त्या दिवशी गल्लीतल्या बायांनी तिला 'तिगाववाली' म्हटलं, आणि अजून म्हणतात. तिच्या डोळ्यादेखत गल्लीतली घरं सिमेंटची झाली, बाया म्हाताऱ्या झाल्या. ती तिगाववालीच राहिली.

"यायले दहा गावं," ती म्हणते, "अन् मले एकच. थेही मी सोडून आली."

भिवाजी यावर चष्मा पुसतात.

दोन वर्षांमागं पांढुर्ण्याला एक लग्न होतं. पांढुर्ण्याच्या लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात हिंदी चालू असते, दुसऱ्यात मराठी, आणि जेवणाच्या रांगेत दोन्ही. सकाळी नाश्त्याच्या टेबलाशी छिंदवाड्याचे एक गृहस्थ भेटले. नाव हेमंत. मराठीच घराणं, पण तीन पिढ्या घाटावर काढलेली. घरात हिंदी. पान होतं. भिवाजींनी त्यांना छिंदवाडा दिलं. हेमंतराव खूश झाले, कारण भिवाजींची नात सायली तिथंच वाढायला उभी होती आणि त्यांच्या मनात भाचा होता.

संध्याकाळी मांडवाच्या मागं खुर्च्या टाकून बसलेले रघुनाथराव भेटले. मूळ वरुडचे, आता नागपूरला घर. खर्रा होता. भिवाजींनी त्यांना वऱ्हाड दिलं, बैलबंडीसकट. रघुनाथराव खूश झाले. त्यांच्या मनात मुलगा होता.

भाचा आणि मुलगा एकच होता, पंकज. रघुनाथराव आणि हेमंतराव हे सख्खे मेव्हणे होते. एवढी एक गोष्ट भिवाजींनी विचारली नाही. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याला काय ऐकायचंय एवढंच बघितलं, त्याला दुसरा कुणाचा कोण लागतो हे बघायचं राहून गेलं.

इकडं म्हातारे खूश होत असताना सायली आणि पंकज मठ्ठ्याच्या पातेल्याशेजारी बोलत होते. नंतर फोनवर बोलत राहिले. सायली तेव्हा सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. मोजकं बोलते आणि बोललेलं मागं घेत नाही. महिन्याभरात तिनं घरी सांगितलं, मुलगा मला पसंत आहे.

आणि त्यानंतर एका संध्याकाळी ती फोन ठेवून आजोबांसमोर येऊन उभी राहिली.

"आबाजी, हेमंत मामांना तुम्ही काय सांगितलं होतं?"

"छिंदवाडा."

"आणि पंकजच्या बाबांना?"

"वऱ्हाड."

"दोघं एका टेबलावर जेवत होते काल. बाबा म्हणाले, मुलगी आपल्या वऱ्हाडची आहे. मामा म्हणाले, जीजाजी, वो तो हमारे छिंदवाड़ा की है. दोघांनी ताट सोडलं."

भिवाजी म्हणाले, "दोन्ही बरोबर आहे पन."

"बाबा म्हणून राहिलेत, ज्या घराला आपलं गाव एक सांगता येत नाही, त्या घरचं पुढचं काय खरं धरायचं? रविवारी सगळे येणार आहेत. दोघांसमोर तुम्ही सांगायचं. नाहीतर नको म्हणतात सोयरीक."

यमुनाबाई मेथी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अडकली का गाडी फाटकात?"

सायली आजोबांच्या शेजारी बसली. तिचा आवाज खाली आला. "आबाजी, कोणतंही सांगा. वऱ्हाड सांगा, छिंदवाडा सांगा. पण एकच सांगा. मला हे लग्न करायचं आहे."

भिवाजींनी मान हलवली. नातीनं कधी काही मागितलं नव्हतं. मागितलं तर हे, जे त्यांच्याजवळ नव्हतं.

तो आठवडा घराला कठीण गेला. वऱ्हाड म्हटलं तर मामा उठून जाणार, आणि पंकजच्या आईला भाऊ एकच. छिंदवाडा म्हटलं तर बाप उठणार. भिवाजी सकाळी बागेत जायचे, झाडाखाली उभं राहून एक उत्तर तयार करायचे, आणि दुपारी घरच्यांवर वापरून बघायचे.

"सातपुड्याचे म्हनलं तं?"

"आबाजी, वाघ आहोत का आपण?"

"मध्य भारताचे."

"हवामान खात्यात सांगा ते," भूपेंद्र म्हणाला.

"भारताचे."

"पंधरा ऑगस्ट नाई ना रविवारी," यमुनाबाई म्हणाल्या.

शनिवारी त्यांनी काही सुचवलं नाही. जेवणही अर्धंच केलं. यमुनाबाईंनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही, त्यामुळं घर जास्तच घाबरलं.

रविवारी पाहुणे दोन्हीकडून आले. नागपूरकडून रघुनाथरावांची गाडी, तिच्यात ते, त्यांची बायको प्रेमलता आणि पंकज. घाटाकडून बसनं हेमंतराव. दोन्ही बाजू दारात एकाच वेळी पोचल्या. भिवाजी उंबऱ्यात उभे होते. ते हेमंतरावांना "या" म्हणाले आणि रघुनाथरावांना "आइए". दोघांनीही एकमेकांकडं बघितलं.

बैठकीत गादीवर पांढरी चादर घातली होती. मध्ये आंबिया बहाराची संत्री, सोलून ठेवलेली. रघुनाथराव टेकले. पाण्याचा घोट घेतला. पंकज सायलीकडं बघत नव्हता, सायली त्याच्याकडं बघत नव्हती, आणि दोघं काय करून राहिलेत हे सगळ्यांना दिसत होतं.

"हं, भिवाजी," रघुनाथराव म्हणाले. "आता सांगा. मूळचे कुठले?"

"हाँ, बताइए," हेमंतराव म्हणाले. "मुझे तो आपने खुद बताया था."

भिवाजींनी एकाकडं बघितलं. उत्तर तोंडाशी आलं. मग दुसऱ्याकडं बघितलं. ते परत गेलं. असं दोनदा झालं. मग त्यांनी भिंतीकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना समोर माणूस नसताना उत्तर द्यायचं होतं, आणि तिथं, आत, काहीच नव्हतं. नुसती एक रिकामी खोली, सगळ्या बाजूंनी दारं असलेली.

"आमी..." ते म्हणाले.

रघुनाथराव पुढं झुकले.

"संत्री घ्या ना," भिवाजी म्हणाले.

"संत्री घेतो," रघुनाथराव म्हणाले. "गाव सांगा."

"जीजाजी, जबरदस्ती मत करो. छिंदवाड़ा बोलने में शरमा रहे हैं आपके सामने."

"शरमा नाही रहे. त्यांचा आजा मोर्शीचा आहे. मोर्शी काय घाटावर आहे का?"

"आजा होगा. आदमी वहाँ का होता है जहाँ कचहरी जाता है."

"मग आता पांढुर्ण्याला जातील. सांगा पांढुर्ण्याचे."

"पांढुरना कल बना है!"

"तुमचं राज्य तरी कधी बनलं, हेमंतराव? आधी राजधानी नागपूरच होती ना तुमची?"

"हमारी थी तो आप ले क्यों गए?"

भूपेंद्रला हसू आलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं. सायलीचा चेहरा मात्र उतरत चालला होता. पाण्याचा ट्रे तिनं अजून खाली ठेवला नव्हता. भिवाजींना ते दिसत होतं. ज्या माणसाला लोक बोलण्यासाठी गावोगाव नेत, तो आपल्याच घरात, आपल्याच नातीसमोर मुका झाला होता.

तेव्हा प्रेमलताबाई बोलल्या. आल्यापासून त्या बोलल्या नव्हत्या. पदर सारखा करून त्यांनी सायलीला जवळ बोलावलं.

"बेटा, बस. तू सांग. तुला कुणी विचारलं तर तू काय सांगते?"

सायलीनं ट्रे खाली ठेवला. "काही नाही सांगत, काकू. नागपूरला परीक्षेला गेले, तर मैत्रिणी म्हणाल्या, एमपीची. छिंदवाड्याला ट्रेनिंगला गेले, तर म्हणाल्या, महाराष्ट्र वाली. मी कुणाला दुरुस्त करत नाही. करत बसलं तर कोर्स राहून जातो."

प्रेमलताबाई हसल्या. तोंडावर हात ठेवून, पण पोटातून. नवऱ्यानं चमकून बघितलं. त्यानं हे हसू बऱ्याच दिवसांत ऐकलं नसावं.

"तीस वर्षं झाली मला नागपुरात," त्या म्हणाल्या. "यांच्या घरी मी अजून एमपीवाली. भाजी बिघडली की एमपीची पद्धत. आणि छिंदवाड्याला गेले की याची बायको दारातून ओरडते, महाराष्ट्र वाली दीदी आ गई."

"अरे, वो तो प्यार से," हेमंतराव म्हणाले.

"दोन्हीकडं प्रेमानंच म्हणतात रे. तेच तर."

यमुनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी सांगते सौंसर कुठलं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "नवीन लग्न झालं तेव्हा मी बसनं माहेरी जायची. नागपूरहून बसले की सौंसरपर्यंत गप्प. इथं बस थांबायची, चहाला. इथून बस निघाली की घाट दिसायचा, आणि मी मनातल्या मनात हिंदीत बोलायला लागायची. परत येताना घाट उतरेपर्यंत रडायची. सौंसरच्या स्टँडवर नळ होता. तिथं तोंड धुवायची. की नागपूरला उतरले तर सासूबाईंना डोळे लाल दिसू नयेत."

"कधी बोलली नाहीस," रघुनाथराव म्हणाले.

"दीदी, हमको भी नहीं बताया."

"तुम्ही दोघांनी विचारलं कुठं? तुमचं आपलं वऱ्हाड की छिंदवाडा चालू." त्यांनी सायलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही माझ्या माहेरच्या वाटेवरची मुलगी आहे. मला पसंत आहे. तुम्हाला अजून ठरवायचं असेल तर अंगणात जाऊन ठरवा. चहा तिकडं पाठवते."

मोठ्या माणसांना जेव्हा माघार घ्यायची असते, तेव्हा ती शेवटचा एक मुद्दा जपून ठेवतात. रघुनाथरावांनी संत्र्याची फोड उचलली आणि म्हणाले, "वाट नागपूरहूनच सुरू होते पण." हेमंतराव म्हणाले, "और छिंदवाड़ा जाके ख़तम होती है." मग दोघांनी संत्री खाल्ली.

पोहे आले. साक्षगंधाची बोलणी झाली, आणि ती भूपेंद्रनं केली. भिवाजी कोपऱ्यात बसून राहिले. पाहुणे गेल्यावर ते यमुनाबाईंना म्हणाले, "मी काई बोललोच नाई."

"म्हनून तं जमलं," यमुनाबाई म्हणाल्या. पण त्यांनी पाहुण्यांसाठी केलेल्या शिऱ्यातला उरलेला शिरा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

लग्न झालं. सायली नागपूरला गेली. तिथल्या कॉलनीत तिला काय म्हणतात, हे विचारायचं धाडस भिवाजींनी केलं नाही. सायलीनंच एकदा फोनवर सांगितलं, की शेजारच्या काकू 'नवी एमपीवाली' म्हणाल्या, तेव्हा सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, जुनी अजून जिवंत आहे.

पहिल्यांदा माहेरी यायचं ठरलं, तेव्हा घरी गाडी असताना दोघी सासू-सुना बसनं निघाल्या. सायली सौंसरला उतरली. प्रेमलताबाईंनी खिडकीतून चहाचा कप घेतला, परत केला आणि पुढं घाटाकडं गेल्या. आठवड्यानं त्याच बसनं त्या परत येणार आणि सुनेला उचलून नेणार, असं ठरलं.

त्या दिवशी भिवाजी आणि यमुनाबाई तिला पोचवायला स्टँडवर आले. घाटाकडून बस आली. प्रेमलताबाई खाली उतरल्या. त्यांचे डोळे लाल होते. सायलीचेही होते. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि दोघींनीही काही विचारलं नाही. प्रेमलताबाई म्हणाल्या, "खिडकी मी घेणार." सायली म्हणाली, "येताना तुम्हीच घेतली होती." असं भांडत त्या बसमध्ये चढल्या.

भिवाजी सायलीची पिशवी घेऊन बसच्या दारात उभे होते. पिशवीत संत्री होती. जड होती. वर द्यायची की आपणच चढून ठेवायची हे त्यांचं ठरत नव्हतं, आणि मागं माणसं खोळंबली होती. नवा कंडक्टर घाईत होता.

"बाबा, कहाँ जाना है? बैठना है तो बैठो."

"इथलेच आहो आमी," भिवाजी म्हणाले. "सौंसरचे."

कंडक्टरनं पिशवी आत ओढून घेतली आणि शिट्टी मारली. बस निघाली. भिवाजी हात वर करून उभे राहिले, धुरळा बसेपर्यंत.

"त्यानं इचारलं काय," यमुनाबाई म्हणाल्या, "अन् तुमी सांगून राहिले काय. चला घरी."